सातव्या पायरीपासून पुढे

सहा पायऱ्या टाचे अगदी मजेत उतरले. उतरले म्हणजे जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या, डोळे मिटून, कानांवर लेकीने आणून दिलेला हेडफोन चढवून. समोर बायको मटार सोलत होती आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती, कारण टेबलाखाली त्यांची टाच आपोआप हलत होती. उद्या सकाळी अकराला ध्वनी शिकवणाऱ्या संस्थेत त्यांचा सत्कार होता. नुसती भाषणं नव्हेत. पडद्यावर त्या जुन्या हिंदी सिनेमातला तो गाजलेला जिना मुका चालवायचा आणि टाचेंनी मुलांसमोर त्या चौदा पायऱ्या पायांनी वाजवून दाखवायच्या, असं ठरलं होतं. संस्थेतल्या बाईंना कुठल्याशा डब्यात मूळ फीत सापडली होती. संगीत नाही, संवाद नाही, नुसती पावलं. सरावासाठी त्यांनी ती पाठवून दिली होती. एक्केचाळीस वर्षांत टाचेंनी ती पावलं अशी उघडी कधी ऐकलीच नव्हती. सिनेमात त्यांच्यावर सगळा वाद्यवृंद येऊन बसलेला असायचा. म्हणून ते आज स्वतःचं लग्न पुन्हा बघायला बसावं तसे खुशीत बसले होते. आणि सातव्या पायरीवर त्यांची टाच टेबलाखाली थांबली. त्यांनी फीत मागे नेली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली. सातव्या पायरीपासून पुढे जो माणूस चालत होता, तो ते नव्हते.

आता पडद्यावरचा माणूस चालतो तेव्हा ऐकू येतं ते त्याचं पाऊल नसतं, हे सांगितलं की लोक थोडे हिरमुसतात. पण नसतं, त्याला कोण काय करणार! अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्यासमोर जमिनीवर फरशी, फळी, वाळू, खडी असे चौकोन आखलेले असायचे, आणि त्यांवर टाचे किंवा त्यांचा मित्र पडद्यावरच्या पायांकडे डोळे लावून जागच्या जागी चालायचा. नायक चालला की ते नायक, पोलीस चालला की पोलीस, नर्तकी धावत आली की तीही हेच दोघे बापे. टाचेंचं पाऊल आधी टाचेवर पडायचं आणि मित्राचं आधी चवड्यावर, म्हणून जुन्या रेकॉर्डिस्टने एक दिवस काचेमागून पुकारलं, "चला, मिस्टर टाचे आणि मिस्टर चवडे!" तेव्हापासून आईबापांनी ठेवलेली नावं दोघांच्याही आयुष्यातून गेली ती गेलीच. पुढे लेकीच्या लग्नातसुद्धा निम्मे पाहुणे टाचेसाहेब, टाचेसाहेब करत होते आणि व्याही बिचारे पत्रिका पुन्हा पुन्हा वाचत होते. आणि त्याआधी, टाचेंच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी, सासरे खोली बघायला आले तर पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत नऊ नंबरच्या बायकी सँडलचे अकरा जोड! सासऱ्यांनी घाम पुसला. चवडे शेजारी उभे होते, ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काळजी करू नका, सगळ्यांत हाच असतो." खोली बघायला आलेला माणूस हसत हसत लग्न ठरवून गेला. चवडेंचं असं असायचं. माणूस गडबडला की हा आपला शांतपणे त्याच्या बाजूला जाऊन उभा.

पण तो जिना टाचेंचा होता. सगळ्या जगाला ते माहीत होतं. जग म्हणजे फार तर दीडदोनशे माणसं, पण माणसाचं जग तेवढंच असतं. त्या जिन्यावरून सिनेमातल्या बाई खाली येतात, कारण खाली त्यांना कायमचं सोडून जाणारा माणूस उभा असतो. चौदा पायऱ्या, एकच शॉट, मध्ये कापाकापी नाही, कॅमेरा फक्त पायांवर. सहा पायऱ्या त्या उतरतात आणि सातवीसाठी उचललेलं पाऊल हवेत धरून ठेवतात, कारण खाली दार उघडल्याचा आवाज आलेला असतो. किती वेळ धरतात! जीव कासावीस होईपर्यंत. मग ते पाऊल पडतं आणि त्या उरलेल्या पायऱ्या उतरतात, पण आता जणू वेगळ्याच बाई उतरत असतात. हे सगळं पावलांत ऐकू यायला हवं, असं दिग्दर्शकांचं, म्हणजे ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे त्यांचं म्हणणं होतं. आणि टाचेंचे दिवस तेव्हा वाईट चालले होते. लागोपाठ दोन सिनेमांत त्यांची पावलं मागेपुढे पडली होती, हा माणूस संपला अशी कुजबुज चालू होती, आणि त्यात बायकोचे दिवस भरलेले. त्या दुपारी चार टेक वाया गेले. पाचव्याच्या आधी दवाखान्यातून निरोप आला की बाळ आडवं आहे, लवकर या. टाचे म्हणाले, "हा एक देतो आणि जातो." पाचवा टेक कसा झाला ते त्यांना कधीच नीट आठवलं नाही. एवढंच आठवतं की काचेमागून "ओके!" ऐकू आलं आणि ते पळत सुटले ते थेट दवाखान्यात, पायांत नऊ नंबरच्या टाचांच्या सँडलसकट. नर्सने त्यांच्या पायांकडे बघितलं आणि खुर्ची दिली. संध्याकाळी लेक झाली. पंधरवड्याने सिनेमाचा पहिला खेळ आपल्या माणसांसाठी लागला तेव्हा साहेबांनी दिवे लागल्यावर सगळ्यांदेखत टाचेंना मिठी मारली आणि म्हणाले, "ह्या माणसाला विसरू नका." कोणी विसरलं नाही. त्यानंतर एकोणतीस वर्षं कामाला तोटा पडला नाही. हे घर, लेकीचं शिक्षण, चारचौघांत ताठ असणारी मान, सगळं त्या चौदा पायऱ्यांवर उभं राहिलं होतं. आणि आता कळत होतं की त्यांतल्या आठ पायऱ्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या.

दुसऱ्याच कुणाच्या कसल्या! चवड्याच्याच. टाच आधी टेकवायची खटपट केली होती पठ्ठ्याने, अगदी हुबेहूब, कुणी शाळेत वडिलांची सही काढावी तशी. पण दर दुसऱ्या पावलाला त्याचा डावा पाय केसभर घासत होता. लहानपणी मोडलेला पाय तो. आणखी एक होतं, ते तर टाचेंना जास्तच लागलं. त्यांच्या सँडलच्या उजव्या टाचेत एक सैल खिळा होता, पाऊल टेकलं की किंचित किटकिटायचा. रेकॉर्डिस्ट वैतागायचा, पण साहेबांना तो आवाज आवडला होता, राहू दे म्हणाले होते. पहिल्या सहा पायऱ्यांत खिळा ऐकू येत होता. सातवीपासून खिळा नव्हता. टाचेंनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "मी उद्या जात नाही." बायकोने मटारच्या शेंगेतून मान वर केली. "का? गुडघा?" "गुडघाच," टाचे म्हणाले आणि जोडे घालून बाहेर पडले. ज्याचा गुडघा दुखतो तो जोडे घालून कुठे चालला, एवढंही तिने विचारलं नाही. हे त्यांना टॅक्सीत बसल्यावर जाणवलं, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

टॅक्सीत त्यांना राग येत होता, आणि कुणाचा येतोय ते कळत नव्हतं. बाहेर रस्ता खणून ठेवलेला, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी, आणि प्रत्येक पायरी दिसली की ते नजर फिरवत होते. एक्केचाळीस वर्षं आपण काय काय बोललो! नव्या लोकांना सांगितलं, पाऊल हवेत धरायचं म्हणजे श्वास धरायचा. मुलाखतीत सांगितलं, मी त्या क्षणी बाईंच्या मनात शिरलो होतो. मनात शिरला होतास काय रे गाढवा, तू तेव्हा दवाखान्याच्या खुर्चीत सँडल लपवत बसला होतास. आणि हे सगळं चवड्यासमोर बोललो. तो शेजारी बसून माना डोलवत होता. वर एकदा म्हणालाही होता, "सातवी पायरी याच्यासारखी कुणाला जमणार नाही." म्हणजे मनातल्या मनात हसत होता की काय? ही शंका आली आणि टाचेंना स्वतःचीच लाज वाटली. चवडा मनात हसणाऱ्यांतला नव्हता. उघड हसणाऱ्यांतला होता. मनात हसायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

चवडे आता भाचीकडे असायचे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून डावा पाय पूर्ण गेला होता. तोंड मात्र शाबूत होतं. टाचेंना बघून ते म्हणाले, "उद्या सत्कार आणि आज तोंड असं? कुणी गेलं की काय?" टाचेंनी हेडफोन मित्राच्या कानांवर चढवला आणि फीत लावली. चवडे डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "छान. तेव्हा काय चालायचास रे तू!"

"सातवीपासून ऐक."

"ऐकलं की."

"तो तू आहेस."

"कान तपासून घे. ह्या वयात होतं असं."

"डावा पाय घासतोय, चवड्या."

"घाबरलेल्या बाईचा घासेल नाही तर काय!"

"आणि खिळा? सहाव्या पायरीपर्यंत आहे, सातवीपासून नाही. कुठे गेला?"

"पडला असेल."

"तो खिळा मी पायांत घालून दवाखान्यात गेलो होतो," टाचे म्हणाले. "नर्सने ऐकला तो. मला आठवतंय."

चवडे खिडकीकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात भाचीने नळ बंद केला. ते म्हणाले, "ह्या नव्या लोकांना काही कळत नाही. संगीत काढून कुणी पावलं ऐकतं का!" मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना एकदाही मित्राकडे बघितलं नाही. पाचव्या टेकला टाचेंनी ते हवेतलं पाऊल खाली ठेवलं होतं. बाईंनी धरून ठेवलं आणि ह्यांनी टेकवलं. तिथून पुढे सगळा डावा-उजवा उलटा. रेकॉर्डिस्टने मान हलवली होती, पण साहेबांनी काचेमागून हात केला: ओके म्हण, जाऊ दे त्याला. टाचे फाटकाबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी फीत प्रयोगशाळेत जायची होती. चवडेंची सँडलची पेटी भलत्याच हॉलमध्ये कुलपात. तेव्हा मागे बसलेल्या बाई, म्हणजे सिनेमातल्याच बाई, संवाद भरायला आल्या होत्या, त्या उठल्या आणि त्यांनी पायांतल्या सँडल काढून चवडेंसमोर ठेवल्या. "माझी अर्धी टाच बाहेर," चवडे म्हणाले. "दोन बोटं. बाई अनवाणी उभ्या राहिल्या, जवळजवळ तीन तास. खुर्ची दिली तर बसेनात. म्हणाल्या, पाय माझेच आहेत, मी उभी राहते."

"पण सगळंच का नाही केलंस तू?" टाचे ओरडलेच. "चौदाच्या चौदा तुझ्या असत्या! नाव तुझं झालं असतं!"

"सहा उत्तम होत्या," चवडे शांतपणे म्हणाले. "उत्तम असलेलं फेकायचं नसतं. साहेबही तेच म्हणाले. मग मी तुझ्या सहा पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि तुझ्यासारखा चाललो. बावीस टेक झाले माझे. तुझ्यासारखं वाईट चालणं सोपं नाही, लेका."

टाचेंना हसू आलं नाही. त्यांना ती मिठी आठवत होती, तो साहेबांचा कोट, त्याला येणारा तंबाखूचा वास. "म्हणजे साहेबांनी मला मिठी मारली ते नाटक होतं."

आता मात्र चवडे चिडले. उजवा हात त्यांनी खुर्चीवर आपटला. "नाटक? तो माणूस स्वतःच्या भावालाही खोटं बरं म्हणायचा नाही. सहा पायऱ्यांसाठी मारली मिठी. सहा काय कमी आहेत? आणि तुला सांगितलं असतं तर काय झालं असतं? आधीच्या दोन सिनेमांनी तू निम्मा मेला होतास. त्यानंतर प्रत्येक पाऊल घाबरत टाकलं असतंस. घाबरलेल्या माणसाचं पाऊल ऐकू येतं रे. ते कुठल्याही संगीताखाली झाकता येत नाही. बाईच म्हणाल्या, ही गोष्ट ह्या हॉलबाहेर जायची नाही. झालं. नाही गेली." एवढं बोलून त्यांनी भाचीला हाक मारली आणि कपाटावरचा खोका आणायला सांगितला. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सँडल होत्या, पाच नंबरच्या. "परत द्यायला गेलो तर बाई म्हणाल्या, तुमच्या पायांनी फाटल्यात, आता तुमच्याच."

परतीच्या टॅक्सीत टाचे त्या दुपारी हॉलमध्ये असलेली माणसं मोजत होते. साहेब, बाई, रेकॉर्डिस्ट, त्याचा मदतनीस, प्रोजेक्टरवाला, रिळाला जोड लावणारे संपादक, वाट बघत बसलेले दोन वादक, आणि चवडा. नऊ. नऊ तोंडं, एक्केचाळीस वर्षं. आणि तेही कुठल्या जगात? जिथे दुपारी कुणी शिंकलं तर संध्याकाळी त्याला न्यूमोनिया झाल्याचं छापून यायचं! ज्या रेकॉर्डिस्टशी त्यांचं पुढे दोन वर्षं कडाक्याचं भांडण होतं, त्याने चिडून किती काय काय काढलं, पण हे काढलं नाही. एक वादक तर दारू प्यायला की कुणाची काय गुपितं ओकायचा नाही! पण हे नाही ओकला. आणि संपादक, त्यांनी सहाव्या आणि सातव्या पायरीच्या मध्ये असा जोड लावला की ज्याच्या पायांचा तो जोड त्यालाही सापडू नये. हा विचार आला आणि टाचेंच्या छातीत इतका वेळ जे दाटलं होतं ते हळूहळू निराळंच काहीतरी होऊ लागलं. सकाळपर्यंत त्यांना वाटत होतं की आपण चांगलं चालणारा माणूस होतो, त्याचा अभिमान होता. आता वाटत होतं, छे, तो अभिमान किती लहान होता! चांगलं चालणारे खूप असतात. पण नऊ माणसांनी ज्याला पडू दिलं नाही आणि पडलास असं आयुष्यभर कळूही दिलं नाही, असे किती असतील? अशा माणसांच्या हॉलमध्ये मी काम केलं. मी त्यांतला एक होतो. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं, कारण म्हातारा मागे बसून डोळे पुसत होता आणि ताठही बसला होता.

घरी बायकोचे मटार सोलून झाले होते. टाचेंनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली, "तुला एक सांगायचंय, त्या जिन्याबद्दल..." ती म्हणाली, "कोणी सांगितलं? चवडेभावजींनी?" टाचेंनी खुर्ची ओढून घेतली. "रेकॉर्डिस्टची बायको बोलली होती मला, लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला," ती म्हणाली. "मी तिला म्हटलं, पुन्हा कुठे बोलू नकोस. बिचारीने पाळलं." दहा आणि अकरा, टाचेंनी मनात मोजलं. "आणि तू चाळीस वर्षं माझं ते सगळं ऐकून घेत होतीस? बाईंच्या मनात शिरलो होतो वगैरे?" "ऐकायला छान वाटायचं हो," ती म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली.

मग त्यांनी मित्राला फोन केला. "उद्या दहाला तयार राहा. न्यायला येतो."

"मला उभं राहता येत नाही, टाच्या."

"त्या सँडल हातांत घाल. मांडीवर फळी ठेवू."

पलीकडून वर्तमानपत्र सळसळल्याचा आवाज आला. मग चवडे म्हणाले, "डावा हात नीट उचलला जात नाही. घासेल."

"घासू दे. फितीवर पण घासतोयच."

संस्थेच्या हॉलमध्ये तसेच चौकोन आखलेले होते, फक्त स्वच्छ. मुलंमुली दाटीने बसली होती, पुढच्या रांगेत लेक बसली होती, तिच्या शेजारी आई. शिकवणाऱ्या बाईंना खुर्चीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याचं काय करायचं ते कळेना; त्यांच्या कागदावर एकच नाव होतं. टाचे म्हणाले, "आम्ही जोडीने करतो हे. पहिल्यापासून." मित्राच्या मांडीवर त्यांनी फळी ठेवली, पाच नंबरच्या सँडल त्याच्या पंजांत नीट बसवल्या, पट्टा आवळला, डाव्या हाताचा जरा जास्त. मग स्वतःच्या पायांत त्याच जुन्या, जपून ठेवलेल्या नऊ नंबरच्या चढवल्या. मुलांत हसू पिकलं. दिवे गेले. पडद्यावर जिना आला, आणि ते पाय.

एक, दोन, तीन. खिळा किटकिटला आणि कुणीतरी मागे "अहाहा" म्हणालं. गुडघ्यातून कळ येत होती. चार, पाच. लेकीने पुढे झुकून बघितलं. सहा. मग पडद्यावरच्या बाईंनी पाऊल हवेत धरलं आणि टाचेंनीही धरलं. दवाखान्याचा निरोप नव्हता आता, कुठे पळायचं नव्हतं. गुडघा थरथरायला लागला, तरी त्यांनी धरलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी जे त्यांच्याकडून खाली पडलं होतं ते ह्या वेळी त्यांनी पडू दिलं नाही. त्यांनी पडद्यावरची नजर काढली आणि शेजारी, अंधारात, मित्राकडे बघितलं. आणि सातवी पायरी तिकडून वाजली, चवड्यावर नाही, टाचेवर, हुबेहूब त्यांच्यासारखी, डावीकडे केसभर घासत. आठ, नऊ, दहा. टाचेंचं पाऊल अजून वरच होतं. लेक वळून आईला काहीतरी विचारत होती, आणि आई मान हलवत हो म्हणत होती. चौदावी पडली तेव्हा टाचेंनी पाऊल खाली ठेवलं, दिवे लागायच्या आत ते मित्राच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, आणि टाळ्या थांबल्यावर एवढंच म्हणाले, "ह्या माणसाला विसरू नका."